अद्भुतकथेतील पुरुष पात्रांची नावे: उगम, अर्थ आणि निवड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठीतून अद्भुतकथा लिहिणाऱ्या गोमंतकीय मित्रमैत्रिणींकडून नावांविषयीचे तेच ते प्रश्न गेली काही वर्षे सातत्याने येत आहेत. त्यांची उत्तरे एकत्र असावीत म्हणून ही प्रश्नावली तयार केली आहे. सोपे प्रश्न आधी घेतले असून अडचणीचे पुढे ठेवले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जिथे दुसरे उत्तर उपयोगी पडेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आधी पात्र घडवावे की आधी नाव ठरवावे?

दोन्हींच्या आधी एक गोष्ट ठरवावी: हे नाव कथेतल्या कोणी ठेवले? बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्र" करते आणि मग नाव उच्चारते, तेव्हा त्या नावात त्या घराची श्रद्धा, गेलेल्या आजोबांची आठवण आणि मुलाबद्दलची एखादी भीतीही असते. अद्भुतकथेतला राजपुत्र असो वा मांत्रिक, त्याच्याही कानात कोणीतरी पहिल्यांदा ते नाव सांगितलेले असते. ती व्यक्ती कोण होती, ती कोणती भाषा बोलत होती आणि तिला कशाची धास्ती होती, हे लेखकाला ठाऊक असले की नावाची निवड निम्म्याने सोपी होते.

दुसरा प्रश्न लगेच विचारावा: त्याला हाक कोण मारते? आई, शत्रू, नोकर आणि देवळातला पुजारी एकाच माणसाला चार प्रकारे हाक मारतात. या दोन प्रश्नांची उत्तरे नसताना यादीतून उचललेले नाव कितीही भारदस्त असले तरी ते पात्राला चिकटत नाही.

२. वाचक अर्थ शोधत बसत नाही. मग नावाला अर्थ असलाच पाहिजे का?

असावा, आणि तो लेखकाला नेमका माहीत असावा. कथेत तो सांगितलाच पाहिजे असे मात्र नाही. अर्थ माहीत असलेला लेखक त्या नावाच्या माणसाला वेगळ्या रीतीने वागवतो आणि ते वाचकाला जाणवते. नायकाच्या नावाचा अर्थ पहिल्याच परिच्छेदात उलगडून सांगण्याचा मोह टाळावा.

३. नावांच्या याद्यांमध्ये दिलेले अर्थ विश्वासार्ह असतात का?

बहुतेकदा नसतात, म्हणून पडताळणी करावी. 'आरव' हे नाव घ्या. अनेक याद्यांमध्ये त्याचा अर्थ 'शांत' असा दिलेला आढळतो. संस्कृतात मात्र 'आरव' म्हणजे ध्वनी, आवाज, गर्जना. शांत स्वभावाच्या ऋषीला ते नाव दिले तर संस्कृत जाणणारा वाचक तिथेच थबकेल. तेच नाव रणवाद्ये वाजवणाऱ्या सैनिकाला दिले तर शोभून दिसेल. संगणकाकडून मिळवलेल्या याद्यांनाही हीच कसोटी लावावी. संस्कृत शब्दासाठी संस्कृत कोश, पुराणातल्या व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा चरित्रकोश आणि जुन्या मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश जवळ असला की पुष्कळ भागते.

यासोबत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. भाषाशास्त्रातला उगम वेगळा आणि लोकांनी सांगितलेला उगम वेगळा. मंगेश या नावाविषयी आपल्याकडे सांगितली जाणारी कथा अशी: वाघाच्या रूपातल्या शंकराला पाहून भ्यालेली पार्वती "त्राहि मां गिरीश" म्हणायला गेली, शब्द अडखळले आणि "मां गिरीश" मधून मांगिरीश, मंगेश हे नाव झाले. व्युत्पत्ती म्हणून हिची चिकित्सा अभ्यासकांनी करावी. कथालेखकाला मात्र ही कथा फार मोठे देणे देते, कारण भीतीने तुटलेल्या वाक्यातून देवाचे नाव जन्मले अशी कल्पना त्यात आहे. आपल्या कल्पित जगातल्या नावांनाही असा लोकांनी सांगितलेला उगम द्यावा, आणि तो खऱ्या उगमाशी जुळत नसेल तरी तसाच राहू द्यावा.

४. राजे आणि योद्धे यांच्यासाठी गोव्याच्या इतिहासातून काही घेता येईल का?

भरपूर घेता येईल आणि दुर्दैवाने फार थोडे लेखक ते घेतात. कदंब हे नाव आपण रोज बसवर वाचतो, पण त्या घराण्यातल्या राजांची नावे विचारली तर बहुतेकांना एखादेच सांगता येते. षष्ठदेव, गुहल्लदेव, जयकेशी, विजयादित्य, शिवचित्त पेर्माडी, विष्णुचित्त, त्रिभुवनमल्ल ही नावे एकापुढे एक मोठ्याने वाचून पाहावीत. चंद्रपूर म्हणजे आजचे चांदर आणि नंतरचे गोपकपट्टण, या राजधान्यांत ती एकेकाळी उच्चारली जात होती.

त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. 'जयकेशी' मध्ये जय आणि केशी हे दोन भाग आहेत. केशी म्हणजे लांब केसांचा, आयाळ असलेला, आणि कदंबांचे राजचिन्ह सिंह होते हे लक्षात घेतले की नावाला वेगळेच तेज चढते. 'शिवचित्त' म्हणजे ज्याचे चित्त शिवाच्या ठायी आहे तो. त्याचा भाऊ 'विष्णुचित्त'. बाराव्या शतकात एकाच घरातले दोन भाऊ, दोन देवांकडे वळलेली दोन नावे आणि एकत्र राज्यकारभार: एवढ्या तपशिलातच एका कादंबरीचे बीज आहे. 'त्रिभुवनमल्ल' म्हणजे तिन्ही लोकांत मल्ल. हे नावापेक्षा बिरुदाच्या घराण्यातले आहे (बिरुदांसाठी प्रश्न १२ पाहावा).

याहून मोलाची गोष्ट अशी की षष्ठदेवाला छट्टदेव, चट्टय अशीही रूपे होती. एक रूप संस्कृत पंडिताचे, दुसरे बोलणाऱ्या माणसांचे. आपल्या कथेतल्या राजालाही अशी दोन रूपे द्यावीत: ताम्रपटावर एक आणि सैनिकांच्या तोंडी दुसरे. एवढ्यानेच त्या राज्यात पंडित आणि शिपाई असे दोन वर्ग आहेत हे वाचकाला न सांगता कळते.

कदंबांच्या आधीचेही धन आहे. बांदिवडे येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे कोकणातल्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा हा राजा ज्ञात झाला. अनिर्जित म्हणजे न जिंकला गेलेला, आणि 'वर्मन्' म्हणजे चिलखत, कवच. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ रट्टराजाच्या इसवी सन १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात आहे. तिची सुरुवात सणफुल्ल, धम्मियर, ऐयपराज अशा देशी वळणाच्या नावांनी होते. पुढे आदित्यवर्मा, इंद्रराज, भीम अशी संस्कृत नावे येतात. आणि 'अवसर' हे नाव तीनदा परतून येते. घराणे स्थिरावते तशी नावांची भाषा बदलते आणि आजोबांचे नाव नातवाला मिळते, हे दोन्ही या एका वंशावळीत दिसते. कल्पित राजवंश रचणाऱ्याने ती समोर ठेवूनच वंशावळ लिहावी असे मला वाटते. मूळ पुरुषाचे नाव ओबडधोबड, दहाव्या पिढीतल्या राजाचे नाव गुळगुळीत आणि मध्ये एखादे नाव तीनदा, एवढे केले तरी घराणे जिवंत वाटू लागते.

५. संस्कृत वळणाचे नवे नाव स्वतः कसे घडवावे?

दोन शब्द जोडणे ही मूळ पद्धत आहे, पण कोणतेही दोन शब्द जोडून नाव होत नाही. आपल्या परंपरेत याचे नियमही होते. आश्वलायन आणि पारस्कर यांच्या गृह्यसूत्रांत मुलाच्या नावाविषयी सांगितले आहे की ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोष व्यंजनाने (ग, ज, द, ब यांसारख्या) व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण यावा आणि शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग असावा. मुलग्यांच्या नावात अक्षरे सम असावीत, मुलींच्या नावात विषम. हा नियम 'जयकेशी' ला लावून पाहा: चार अक्षरे, आरंभी ज, मध्ये य, शेवटी दीर्घ ई. नाव नियमात तंतोतंत बसते आणि कानालाही भरदार वाटते.

आता एक नाव प्रत्यक्ष घडवू. समजा, आपला नायक खाजन शेतीच्या काठावर, मिठागरात राबणाऱ्या घरातला आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध आणि मानस (पाणी सोडण्या-अडवण्याचे दार) राखणे हे त्याच्या घराण्याचे काम आहे आणि कथेत पुढे तो समुद्रातून येणाऱ्या एका अमानवी शक्तीला त्याच बांधावर अडवणार आहे. संस्कृतात 'सेतु' या शब्दाचा अर्थ पूल एवढाच नाही. बांध, पाणी अडवणारा बंधारा हाही त्याचा अर्थ आहे. पहिला प्रयत्न 'सेतुवर्मा'. अर्थ चांगला आहे, पण आरंभीचा स अघोष आहे आणि मिठागरातल्या मुलाला वर्मा हा राजवंशी शेवट जडही होतो. दुसरा प्रयत्न 'वारिसेतू', म्हणजे पाण्यावरचा बांध. चार अक्षरे, आरंभी व, मध्ये र, शेवटी दीर्घ स्वर. हे नाव त्याला गावच्या भटजींनी दिले. आई त्याला 'सेतू' म्हणते. मिठागरातले सोबती 'शेतू' म्हणतात, कारण त्यांच्या मते ते नाव शेतावरून आले आहे, आणि तो त्यांची चूक कधीच दुरुस्त करत नाही. नावाने इथवर मजल मारली की पात्राचा स्वभाव आपोआप दिसू लागतो.

नियम मोडायलाही हरकत नाही, पण तो मोडतो आहोत हे माहीत असावे.

६. सगळीच नावे भारदस्त झाली तर कथा नाटकी वाटते. साध्या माणसांची नावे कशी निवडावीत?

ही तक्रार रास्त आहे. ज्या कथेत घोड्याला दाणा घालणाऱ्याचे नावही 'वज्रप्रताप' असते, तिथे राजाच्या नावाची किंमत उरत नाही.

आपल्या भाषेत साध्या नावांची केवढी मोठी खाण आहे! धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे आज हसण्यावारी नेली जातात, पण त्यांच्या मागे मुले न वाचणाऱ्या घरांचे दुःख आहे. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलावर मृत्यूची वा दुष्ट शक्तीची नजर जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव देत: हा दगड आहे, हा केर आहे, याला नेऊन काय करणार? मुलग्याचे नाक टोचून त्याला नथ घालत आणि त्यावरून 'नथू' म्हणत. मृत्यूला फसवण्यासाठी ठेवलेले नाव ही कल्पना अद्भुतकथेला जितकी जवळची आहे, तितकी दुसरी कोणतीही नाही. ज्या जगात मृत्यू खरोखरच दारोदार फिरून नावे विचारतो, त्या जगात 'धोंडू' हे नाव ढालीसारखे आहे. असा धोंडू मोठा होऊन राजा झाला आणि दरबाऱ्यांनी त्याला गोंडस नाव घ्यायला सांगितले, तर तो काय उत्तर देईल? मी तर म्हणेन की त्याने नकार द्यावा.

याखेरीज वारांवरून पडलेली सोमा, बुधा अशी नावे आहेत. 'जी' आणि 'बा' लावून झालेली दीपाजी, धोंडबा, केरोबा अशी नावे आहेत. १८५२ मध्ये गोव्यातल्या सत्तरी भागात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या राणे मंडळींच्या पुढाऱ्याचे नाव दीपाजी होते. 'दीप' हा घरगुती शब्द आणि 'जी' हा आदरार्थी शेवट. एवढ्या साध्या नावाने एक सत्ता हादरवली हे लक्षात ठेवावे.

७. नावाचे रूप मराठी ठेवावे की कोकणी?

गोव्यात हा प्रश्न टाळता येत नाही. मराठीत घोडा, कोकणीत घोडो. पुल्लिंगी शेवट मराठीत बहुधा 'आ' होतो आणि कोकणीत 'ओ'. नावांतही तसेच होते: बाबला आणि बाबलो. कथन मराठीत असेल तर निवेदकाने एकच रूप शेवटपर्यंत वापरावे. संवादांत मात्र किनाऱ्यावरच्या किंवा घाटाखालच्या माणसांनी 'बाबलो' म्हणायला काहीच आडकाठी नाही. आदराने हाक मारताना नावापुढे 'बाब' लावण्याची आपली रीत कल्पित जगातही फार छान रुजते. 'सेतूबाब' ही हाक ऐकली की बोलणारा वयाने लहान आहे किंवा मान देणारा आहे, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

८. रवळनाथ, वेताळ यांसारख्या ग्रामदेवतांची नावे पात्राला द्यावीत का?

देवाचे नाव माणसाला देणे ही आपली जुनीच रीत आहे. मंगेश, नागेश, रामनाथ, दामोदर ही नावे घरोघरी आहेत, त्यामुळे त्या नावाचे पात्र असण्यात काही गैर नाही. प्रश्न येतो तो देवतेलाच पात्र करण्याचा. लोलये, आमोणे अशा गावांत वेताळ हा आजही पुजला जाणारा देव आहे. तो रात्री फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची प्रथा आहे. त्याला केवळ भुतांचा राजा म्हणून खलनायक करणे हे त्या गावांच्या श्रद्धेला न शोभणारे आहे, आणि कथेच्या दृष्टीनेही ती हाती आलेल्या समृद्ध कल्पनेची नासाडी आहे. झिजलेल्या वहाणांचा तपशील घ्यावा, रात्रीची फेरी घ्यावी आणि नाव आपले घडवावे, असा माझा आग्रह असतो.

देवचाराच्या बाबतीत तर नाव न घेणे हीच रीत आहे. कांबळ पांघरलेला, हाती दांडा घेतलेला, गावाची सीमा राखणारा तो; त्याला अनेक जण नुसते 'राखणदार' म्हणतात. रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणतात तसेच हे आहे. आपल्या कथेत ज्याचे नाव कोणीच उच्चारत नाही असे पात्र हवे असेल, तर त्यासाठी परक्या साहित्याकडे पाहण्याची गरज नाही. घरच्या अंगणात त्याचा वस्तुपाठ आहे.

९. खलनायकाचे नाव ऐकताच भीती वाटावी असे कसे ठेवावे?

नावाच्या शेवटी 'असुर' जोडण्याआधी थोडे थांबावे. जुन्या कथांतल्या नावांकडे पाहिले तर त्यांत दोन वळणे दिसतात. काही नावे शरीरावरून पडलेली आहेत: कुंभकर्ण म्हणजे घड्यासारखे कान असलेला, घटोत्कच म्हणजे घटासारखे केशहीन डोके असलेला. काही नावे सामर्थ्यावरून आहेत: दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणे कठीण असा. नीट पाहिले तर हे दूषण नाही, गौरव आहे. हे नाव त्याच्या जन्मदात्यांनी ठेवले असे मानले की ते सहज पटते.

इथे पहिल्या प्रश्नातली कसोटी पुन्हा उपयोगी पडते. कोणतीही आई आपल्या मुलाचे नाव 'क्रूरसेन' ठेवत नाही. शत्रूंनी त्याला दिलेले नाव भयंकर असू शकते, पण त्याचे स्वतःचे नाव मायेने ठेवलेलेच असणार. खलनायकाला दोन नावे द्यावीत आणि मायेचे नाव कथेत एकदाच, नेमक्या जागी उच्चारावे.

१०. उत्तर युरोप, ग्रीस, इराण इथल्या नावांचे मिश्रण केले तर चालेल का?

एकाच घरात चालणार नाही. एकाच जगात चालेल. सिगुर्ड, फिलिप आणि जमशेद हे सख्खे भाऊ असतील तर वाचकाला त्यांच्या आईची मातृभाषा कोणती हा प्रश्न पडेल. पण तीन देशांचे व्यापारी एका बंदरात भेटत असतील, तर हीच तीन नावे त्या बंदराचे चित्र उभे करतील.

या नावांची घडण आपल्याला वाटते तितकी परकी नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उत्तर युरोपातल्या प्राचीन नॉर्स भाषेतला 'सिगुर्ड' म्हणजे विजय आणि रक्षक. 'थोरस्टाइन' म्हणजे थोर या देवाचा दगड. त्याच्या शेजारी आपला धोंडू बसवून पाहावा. ग्रीक 'फिलिप' म्हणजे अश्वप्रिय. प्राचीन इराणी नावांच्या शेवटी येणारा 'अस्प' म्हणजे आपला अश्वच. जामास्प, गुश्तास्प ही नावे अश्वपती या नावाची चुलत भावंडे आहेत. सर्वांत सुंदर प्रवास 'सुश्रवस्' या नावाचा आहे. सु म्हणजे चांगली, श्रवस् म्हणजे कीर्ती. याच घडणीचे नाव अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात आहे आणि त्यातूनच इराणी 'खुसरो' झाला. ग्रीकमधले 'युक्लीस' हे नावही याच घडणीचे. एकच नाव तीन भाषांत तीन वेष घालून उभे आहे. कल्पित जगात दुरावलेल्या तीन टोळ्या एकाच मूळ पुरुषाच्या वंशातल्या आहेत हे दाखवायचे असेल, तर त्यांच्या नायकांची नावे अशी दुरून जुळणारी ठेवावीत. दक्ष वाचकाला हे रहस्य युद्धाच्या आधी उलगडेल आणि त्याचा आनंद त्याला पानोपानी मिळत राहील.

११. गोव्यातल्या ख्रिस्ती नावांना अद्भुतकथेत स्थान आहे का?

अवश्य आहे, आणि त्यांचा उगम पाहिला तर ती नावे योद्ध्यांचीच आहेत. पाचव्या शतकापासून आठव्या शतकाच्या आरंभापर्यंत इबेरियावर व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांचे राज्य होते आणि त्यांच्या भाषेतली जोडनावे पोर्तुगीजांत उतरली. 'रॉड्रिगो' मध्ये कीर्ती आणि सत्ता हे दोन शब्द आहेत. 'रॉड्रिग्स' म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा आणि 'फर्नांडिस' म्हणजे फर्नांडोचा मुलगा. 'लुईस' हे नाव दुसऱ्या एका जर्मानिक शाखेतून, फ्रँक लोकांकडून आले. त्याचा अर्थ युद्धात ख्यातनाम असा, आणि त्यातला 'ख्यात' या अर्थाचा अंश आपल्या 'श्रुत' शब्दाचा सगोत्र आहे. द्रौपदीच्या मुलाचे नाव श्रुतकर्मा आणि साष्टीतल्या शेजाऱ्याचे नाव लुईस यांच्यात हे नाते आहे, हे मला पहिल्यांदा समजले तेव्हा मी बराच वेळ त्या दोन नावांकडे पाहत राहिलो होतो.

एक काळजी मात्र घ्यावी. धर्मांतराच्या काळात माणसांची नावे बदलली, घरे दुभंगली आणि देवही हलले. मंगेशाचे लिंग १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आणले गेले. जुने आणि नवे अशी दोन नावे वागवणारा माणूस रंगवायचा असेल तर त्याच्या दोन्ही नावांना सारखीच माया द्यावी. एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवले की पात्र आणि इतिहास दोहोंवर अन्याय होतो.

१२. कथेच्या ओघात पात्राचे नाव बदलले तर वाचक गोंधळणार नाही का?

बदलाचा प्रसंग दाखवला तर गोंधळणार नाही. आपल्या राजांना बिरुदे असत. राष्ट्रकूटांमधील 'अमोघवर्ष' म्हणजे ज्याची वृष्टी व्यर्थ जात नाही तो, हे मुळात असेच बिरुद. राज्याभिषेकाच्या प्रसंगी नायकाने बिरुद घ्यावे, पण निवेदनात आधीचेच नाव ठेवावे आणि बिरुद फक्त दरबारी संवादांत वापरावे. आईच्या नावावरून ओळखले जाणे हाही एक उत्तम पर्याय आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही सातवाहनांची उदाहरणे समोर आहेत. ज्या राज्यात राजा आपल्या आईचे नाव आधी सांगतो, त्या राज्याची रीत वेगळी असणार हे वाचक लगेच ओळखतो.

१३. आडनाव द्यावे का?

शक्यतो गावावरून द्यावे, कारण आपल्या आडनावांतून जात आणि प्रदेश लगेच ओळखू येतात आणि कल्पित जगात तो संकेत नकळत शिरतो. पेडणेकर, काणकोणकर यांच्या धर्तीवर कल्पित गावाला 'कर' जोडता येतो. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले, तसे एखादे पात्र गाव सोडताना गावाचे नाव अंगावर घेऊन निघू शकते.

१४. नाव वाचताना अडखळायला होते. उच्चाराचे काय करावे?

नाव मोठ्याने हाक मारून पाहावे, तेही दुरून. जत्रेतल्या दशावतारी काल्यात राजा रंगमंचावर येतो आणि आपले नाव, आपली नगरी स्वतः सांगतो. मध्यरात्र उलटलेली असते, मुले पेंगत असतात आणि तरी शेवटच्या ओळीतल्या आजीला ते नाव पहिल्या खेपेस कळते. आपले नाव तिथवर पोहोचेल का, हे विचारावे.

लिपीच्या दोन गोष्टी सांभाळाव्यात. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दिसत नाहीत. 'जारव' असे नवे नाव लिहिले तर एक वाचक 'जग' मधला ज उच्चारेल आणि दुसरा 'जाळे' मधला. च किंवा ज नंतर इ किंवा ए हा स्वर आणला की संदिग्धता मिटते. दुसरी गोष्ट ळ ची. अभिजात संस्कृतात तो नाही, म्हणून ळ असलेले नाव आपोआप देशी, मातीतले वाटते. पुळुमावी या नावाचा अर्धा दरारा त्या ळ मध्ये आहे.

१५. नावाला विभक्ती लावताना 'देवराजने' लिहावे की 'देवराजाने'?

दोन्ही रूपे प्रचारात आहेत. आज माणसाच्या नावाचे सामान्यरूप सहसा करत नाहीत. जुन्या आणि गंभीर लेखनात 'देवराजाने' असे लिहीत आणि देवाच्या बाबतीत आजही आपण 'मंगेशाला' असेच म्हणतो. या भेदाचा उपयोग करून घ्यावा असे मी सुचवतो: नायकाच्या स्वतःच्या लोकांच्या नावांचे सामान्यरूप करावे आणि परक्या देशांतल्यांचे करू नये. 'देवराजाने सिगुर्डला पाहिले' या तीन शब्दांच्या वाक्यात कोण घरचा आणि कोण परका हे कळते.

आकारान्त नावांत सावध राहावे. 'सोमाने' हे सरळ रूप आहे. 'सोम्याने' म्हटले की त्यात सलगी किंवा तुच्छता येते. शत्रूच्या तोंडी ते शोभेल, निवेदकाच्या तोंडी नाही. नाव नक्की करण्यापूर्वी सर्व विभक्त्यांत आणि संबोधनात एकदा लिहून पाहावे. जे नाव 'चा, ची, चे' लावताच वाकडे होते, ते तीनशे पाने सोबत करणार नाही.

१६. दोन पात्रांची नावे एकाच अक्षराने सुरू झाली तर बिघडते का?

वारंवार एकत्र येणारी पात्रे असतील तर बिघडते. भाऊ असतील आणि साम्य मुद्दाम असेल, जसे शिवचित्त आणि विष्णुचित्त, तर शेवट सारखा ठेवावा आणि आरंभ वेगळा.

१७. दुसऱ्या लेखकाने घडवलेले नाव मला वापरता येईल का?

नुसत्या एकट्या नावावर सहसा स्वामित्वहक्क नसतो. पण ओळखू येईल असे पात्र नावासकट उचलणे ही निराळी गोष्ट आहे, आणि काही नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेली असतात. परंपरेतून आलेले जयकेशी, सुश्रवस्, धोंडू ही नावे सर्वांची आहेत.

१८. ऐतिहासिक पुरुषाचे संपूर्ण नाव कल्पित पात्राला दिले तर?

देऊ नये. ज्यांचे वंशज आजही आपल्यामध्ये राहतात त्यांच्या बाबतीत तर मुळीच नको. दीपाजी हे नाव घ्यावे, पण त्याला राणे हे आडनाव आणि सत्तरी हा प्रदेश जोडला की ती व्यक्ती इतिहासातली होते आणि मग तिच्या तोंडी कल्पित शब्द घालण्याचा अधिकार लेखकाकडे उरत नाही. प्रदेश बदलावा, काळ बदलावा, आणि वंशावळीत त्याच्या आधीची दोन नावे आपली स्वतःची घडवावीत. त्यासाठी प्रश्न ४ मधील खारेपाटणच्या वंशावळीचा नमुना पुरेसा आहे.